पार्श्वभूमी : लकवा, रक्ताचा रिपोर्ट आणि ‘बरा’चा हिशोब

‘अंगावरून वारं गेलं’ म्हटलं की बीड-जालन्याकडच्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला : पहिल्यावानी होतील का? त्याचं उत्तर रक्तातून काढायची खटपट जुनी आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लकवा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो, हे १९९५ साली दिसलं; २००८मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली. त्या काळात भर होता एस-१००बी आणि एनएसई या प्रथिनांवर. मेंदूला इजा झाली की ती रक्तात उतरतात. पण एनएसई तांबड्या पेशींतही असतं, ही मेख. शीर नीट सापडली नाही, रक्त जोर लावून ओढलं, की पेशी फुटतात, सीरम (गोठलेल्या रक्तावर उरणारं पिवळसर पाणी) गुलाबी पडतं आणि आकडा उगाच चढतो. असं सॅम्पल ‘परत काढा’ म्हणून माघारी येतं, हे तालुक्याच्या लॅबमधल्या कुणालाही ठाऊक आहे.

या शोधाला खरा जोर आला २०१५नंतर, तारेने गुठळी ओढून काढायच्या पाच चाचण्यांमुळे. त्यांची एकत्र आकडेवारी सांगते : गुठळी काढलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी स्वावलंबी झाले, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर २६.५ टक्के. मग उरलेल्या निम्म्याहून अधिकांचं काय, हे आधीच कळावं म्हणून जीएफएपी, न्यूरोफिलामेंट लाइट या मेंदूच्या पेशींतल्या आणखी प्रथिनांमागे धावाधाव सुरू झाली. न्यूरोफिलामेंट दिवसा-आठवड्यांनी चढतं, त्यामुळे कॅज्युअल्टीत त्याचा उपयोग थोडा. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, म्हणजे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण, साध्या सीबीसीतूनच (रक्तपेशींच्या मोजणीतून) निघतं, पण छातीत जंतुसंसर्ग असला तरी ते वाढतं.

सगळा गुंता मात्र ‘स्वावलंबी’ या शब्दात आहे. हे मोजतात सुधारित रँकिन मोजपट्टीवर. मूळ पट्टी १९५७ची, ग्लासगोची. आता ती ० म्हणजे काहीच त्रास नाही, इथपासून ६ म्हणजे मृत्यू, इथपर्यंत जाते. १९९५च्या चाचणीने ०-१ला चांगला निकाल मानलं. २०१५च्या चाचण्यांची चर्चा ०-२वर झाली. रक्तातला तोच आकडा एका रेषेवर भाकीत बरोबर ठरवतो, दुसरीवर चुकवतो. आणि २ म्हणजे काय? स्वतःचं स्वतः करतो, पण पूर्वीची सगळी कामं होत नाहीत. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यातला एक जण २वर आला तर आंघोळ करेल, पारावर जाऊन बसेल. पण मोळी उचलणार नाही, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटणार नाही. शोधनिबंधात तो बरा. उलट ३वरचा म्हातारा आधाराशिवाय चालतो, धोतर नेसायला सून-नातू हाताशी असतात. घरचे म्हणतात देवाने राखलं, कागदावर तो वाईट निकाल. त्यात नव्वदाव्या दिवसाची ही नोंद बऱ्याचदा फोनवर होते, आणि उत्तर देतो पुतण्या. माझ्या मते इतका ढिला शब्द धरून नवनवीन प्रथिनं शोधणं म्हणजे तराजू न तपासता माल मोजणं.

सध्या इंजेक्शनच्या आधी सगळ्याच रुग्णांत थांबून बघावी अशी रक्ततपासणी एकच, साखर. बाकीच्या तपासण्यांसाठी, रक्त पातळ करायच्या गोळ्या वगैरे चालू नसतील तर, इंजेक्शन अडवू नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दाखल होताना साखर चढलेली असेल तर पुढचा निकाल वाईट असण्याची शक्यता वाढते, हेही बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. बोटाला सुई, पट्टीवर एक थेंब.