शाळा सुटल्यानंतरचं शिक्षण : सातारा जिल्ह्याची पार्श्वभूमी

शिकण्याच्या दोन गरजा सध्या साताऱ्यात शेजारी शेजारी दिसतात. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी केंद्र सरकारची ‘उल्लास’ योजना २०२२ पासून सुरू आहे आणि नातवंडं असलेल्या बायाही तिच्यात अक्षरं गिरवताहेत. दुसरीकडे पेन्शनीत निघालेला माणूस सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो, वाटेत एखादं झाड बघून थबकतो आणि घरी आल्यावर त्याचं नाव शोधत बसतो. आजीबाईंना अक्षर हवंय, या गृहस्थांना उत्तर हवंय. शाळेशी दोघांचाही संबंध उरलेला नाही.

या दोन्ही गरजांसाठी या मुलखात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत फार मोठी कामं झाली. मात्र ती वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गावांत केली. अक्षर एकाने दिलं, पुस्तक दुसऱ्याने आणलं, शंका आली तर कुठे बघायचं याची सोय तिसऱ्याने केली. ही तिन्ही एकाच गावात, एकाच वेळी फार कमी वेळा जुळून आली. इथल्या प्रौढ शिक्षणाला जिथे यश आलं आणि जिथे ते अडलं, तिथे मला हेच कारण दिसतं.

सुरुवात खंडाळा तालुक्यातल्या नायगावापासून करायला हवी. १८३१ मध्ये तिथे जन्मलेल्या सावित्रीबाई लग्न होऊन सासरी गेल्यावर लिहा-वाचायला शिकल्या. पुढे १८५५ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात दिवसभर कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकायचं वय निघून गेलं, हे म्हणणं त्यांनी मुळातूनच नाकारलं होतं. हे काम पुण्यात झालं, त्यामुळे इथे एवढाच उल्लेख पुरे.

वाईची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी कृष्णाकाठी प्राज्ञपाठशाळा उभी केली होती. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन त्यांच्याकडे शिकायला आले. उपनिषदं, गीता, ब्रह्मसूत्र असा त्यांचा अभ्यास चालला होता. ते स्वतः शिकत होते आणि काही विद्यार्थ्यांना गीता शिकवतही होते. एवढ्यावर न थांबता त्यांनी विद्यार्थी मंडळ काढून वाचनालय सुरू केलं. पुस्तकांना पैसे कुठून आणायचे? पंधराएक विद्यार्थी, त्यांत विनोबाही, जात्यावर बसले आणि लोकांचं धान्य दळून द्यायला लागले. दर ठरला दोन शेरांना एक पैसा. दळणाचे सगळे पैसे वाचनालयात जायचे. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होते, म्हणजे रुपयाचं एक पुस्तक घ्यायचं तर १२८ शेर धान्य दळायला हवं. ज्याने कधी जात्याचा खुंटा धरला आहे त्याला हा आकडा हातात जाणवेल. तरीही थोड्याच काळात सुमारे ४०० पुस्तकं जमली. वर्ष संपलं तसे विनोबा ठरल्या दिवशी आश्रमात परतले. या हिशोबाची माहिती आपल्यापर्यंत पोचली ती त्यांनी गांधीजींना लिहिलेल्या पत्रामुळे.

त्याच सुमाराला याच मुलखात वेगळ्या तऱ्हेचं शिक्षण चाललं होतं, पुस्तकाशिवायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. ते गाव आज सांगली जिल्ह्यात येतं. तेव्हा सातारा-सांगली असे दोन जिल्हे नव्हतेच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला हातात धरायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल, अशी त्यांना खरीखुरी भीती होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. ही भीती भाषणाने जाणारी नव्हती. शेजाऱ्याच्या रानात नांगर चाललेला बघायचा, पीक आलेलं बघायचं, मग आपण घ्यायचा, असं ते शिक्षण होतं. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनी पिढ्यानपिढ्यांची समजूत डोळ्यांनी पारखून बदलली. प्रौढ शिक्षणाच्या इतिहासात हे सहसा कोणी धरत नाही. मला ते धरायला हवं असं वाटतं. १९२० मध्ये याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघायला लागलं. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि यंत्रं, उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा असे विषय मराठी घरांतल्या मोठ्या माणसांच्या वाचनात आले.

हे नांगर गावोगाव विकत फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. त्यांचं स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच झालं होतं. साताऱ्यात ते शिकवण्या घ्यायचे, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणायचे. नांगर विकताना खेड्यांची त्यांनी जी पायपीट केली, तिच्यात कुठल्या गावात शाळा नाही, कुणाचं पोर हुशार असून गुरांमागे जातंय, हे त्यांना कळत गेलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले, तेव्हा त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि ‘कमवा व शिका’ पद्धत तिथे पक्की झाली.

संस्थेचं काम मुलांच्या शाळांचं होतं, पण तिचा परिणाम मोठ्यांवरही झाला. स्वावलंबन हे संस्थेचं ब्रीद. त्यामुळे दगड फोडणारा, रस्त्यावर खडी टाकणारा विद्यार्थी गावाला रोज दिसत होता. काम करणाऱ्याने शिकायचं नसतं, ही समजूत त्यामुळे हलली. बापाला अक्षर येत नव्हतं, पण पोर कंदिलाखाली वाचतंय तोवर तो शेजारी बसून ऐकायचा, अशी घरं या जिल्ह्यात खूप होती. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ते अजून येतं.

औंधात श्रीपाद दामोदर सातवळेकरांचं काम चाललं होतं. मूळचे ते चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. नंतर वेदांच्या अभ्यासाकडे वळले, औंधात त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवलं आणि गुरूशिवाय, घरच्या घरी संस्कृत शिकता यावं म्हणून सोप्या धड्यांची पुस्तकं काढली. नोकरी सांभाळून रात्री एक धडा करायचा, अशी त्यांची आखणी होती. ते शंभर वर्षांहून अधिक जगले आणि अखेरपर्यंत वेदांच्या कामात होते.

स्वातंत्र्यानंतर अक्षराचं काम एकदम मोठ्या प्रमाणावर झालं. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. भाऊराव त्याच वर्षी ९ मे रोजी गेले. एकेका माणसाला साक्षर करण्याऐवजी सबंध गाव साक्षर करायचं, हे मोहिमेचं सूत्र होतं. शिक्षक संध्याकाळी वर्ग घ्यायचे. त्यासाठी वेगळा पगार नव्हता, गावाने मान द्यायचा. अख्खं गाव वाचायला लागलं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आमचं गाव मागे राहिलं असं शेजारच्या गावाने म्हणू नये, या ईर्षेने माणसं पाटी घेऊन बसली. यात्रेतल्या कुस्त्यांसाठी जी ईर्षा लागते, तीच इथे मुळाक्षरांना लागली. मोहिमेला इतका प्रतिसाद मिळाला की १९६१ मध्ये ती राज्यभर नेण्यात आली.

अडचण आली ती समारंभ उरकल्यावर. नाव लिहिता यायला लागलं, एसटीवरची पाटी वाचता यायला लागली, पुढे काय वाचायचं? गावात पुस्तकं नव्हती, वर्तमानपत्र आलं तरी एखाद्याच घरी. सराव नसला की अक्षर विरतं. साक्षर झालेला प्रौढ पुन्हा निरक्षर होतो, ही अडचण देशभरातल्या मोहिमांना भोवली आहे आणि ही मोहीमही तिच्यातून सुटली नाही. मोहिमेची आखणी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे केलं ते अफाट होतं. पण ज्या जोमाने वर्ग निघाले, त्या जोमाने वाचनालयं निघाली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा १९४५ मध्येच केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ मध्ये. त्यानंतर गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळायला लागलं. तोवर पहिल्या साक्षर गावांना आठ वर्षं होऊन गेली होती.

गंमत अशी की गावं मुळाक्षरं गिरवत होती, त्याच वेळी त्याच जिल्ह्यात, वाईत, मराठीतला सर्वांत मोठा ज्ञानसंग्रह, मराठी विश्वकोश, आकार घेत होता. त्याआधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश जवळजवळ एकहाती तडीस नेला होता. राज्य स्थापन झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने साहित्य संस्कृती मंडळ नेमलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष केलं. तर्कतीर्थ जन्माने खानदेशातले, पण लहान वयात प्राज्ञपाठशाळेत आले आणि वाईचेच झाले. म्हणून मंडळाने हाती घेतलेलं विश्वकोशाचं कामही मुंबई-पुण्याऐवजी वाईत आलं. भौतिकी, वैद्यक, शेती, कायदा अशा नाना विषयांच्या विद्वानांचे लेख घाटाखालून, घाटावरून पोस्टाने एका तालुक्याच्या गावी यायचे आणि तिथे तपासले जायचे.

आधी शब्दांची जुळवाजुळव करावी लागली. १९७३ मध्ये परिभाषा संग्रह निघाला, १९७६ मध्ये ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’ असा पहिला खंड आला. विसावा खंड यायला २०१५ उजाडलं. इतक्या वर्षांत आधीच्या खंडांतली काही माहिती शिळी झाली, हे खरं आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या नोंदींत ते लगेच दिसतं. पण या कोशाचा वाचक म्हणून मी सांगतो, एखादी नोंद उघडून बघावी. नोंदीत दुसऱ्या नोंदींचे निर्देश असतात, शेवटी ‘पहा’ असं म्हणून आणखी चार नावं असतात, लेखकाचं आडनाव असतं. माणूस ‘ऊस’ बघायला बसतो आणि साखर, गूळ, मद्यार्क असं करत संध्याकाळ कुठे जाते कळत नाही. परीक्षेसाठी असं कोणी वाचत नाही, हे वाचन केवळ कुतूहलापोटी होतं. आणि ते मराठीत करता येतं, ही तर्कतीर्थांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची देणगी आहे. हे खंड जाडजूड होते, मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटात असायचे. वाईपासून दहा-पंधरा मैलांवरच्या साक्षर झालेल्या शेतकऱ्याच्या हातात ते पडणं कठीणच होतं. आता सगळे खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात, त्यामुळे ही अडचण बरीचशी सुटली आहे.

पुस्तक गावात, तेही घरात, येण्याची गोष्ट अगदी अलीकडची. पाचगणीजवळचं भिलार स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली. तिथे मुख्यतः जुन्या पुस्तकांची विक्री होते. भिलारमध्ये विक्री नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरातल्या, लॉजमधल्या खोल्या दिल्या. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं ठेवली. एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी कविता, तिसरीकडे बालसाहित्य. कुणीही यावं, बसावं, वाचावं. पर्यटनासाठी केलेली योजना म्हणून तिच्यावर टीका झाली, होते. मला त्यातली एक बाजू मोलाची वाटते. ज्या बाईच्या ओसरीवर पाचशे पुस्तकं मांडली आहेत, तिला ती रोज पुसावी लागतात, कुठलं कुठे आहे ते पाहुण्याला सांगावं लागतं. अशा घरात पुस्तक परकं राहत नाही.

आज परिस्थिती अशी आहे की अक्षर, पुस्तक आणि उत्तर शोधायची सोय, तिन्ही एकाच गावात असू शकतात. साक्षरतेचा वर्ग शाळेत भरतो, अनुदानित वाचनालय ग्रामपंचायतीजवळ असतं, विश्वकोश फोनमध्ये उघडतो. मात्र या तिघांचे कारभारी वेगळे आहेत. वर्ग शिक्षण खात्याकडे, वाचनालय ग्रंथालय संचालनालयाकडे, विश्वकोश मराठी भाषा विभागाकडे. परीक्षा पास झालेल्या आजीबाईंना प्रमाणपत्र मिळतं. त्याच दिवशी त्यांचं नाव गावच्या वाचनालयात नोंदवायचं, मोठ्या टायपातलं एक पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं आणि वाचनालय त्यांच्या सोयीच्या वेळेला, म्हणजे दुपारची कामं उरकल्यावर, उघडं ठेवायचं, एवढं करायला नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला आणि वर्ग घेणारे व वाचनालय चालवणारे एकदा एकत्र बसले, तरी सुरुवात होते. वाईच्या मुलांनी १९१७ मध्ये दळण दळून पुस्तकं आणली होती. आज निदान पुस्तकं कपाटात आहेत.