जिना धुताना लिफ्टचं दार कोरडं ठेवा

नमस्कार. ठाण्यात ज्या सोसायट्यांच्या लिफ्ट आम्ही सांभाळतो, तिथून एक प्रश्न हमखास येतो: "परवाच सर्व्हिसिंग झालं, मग आज लिफ्ट बंद कशी?" शनिवार-रविवारी असा फोन आला की आमचा मेकॅनिक आधी विचारतो, "जिना धुतला का?" काहींना वाटतं, आम्ही अंग झटकतोय. तसं नाही. नेमकं कुठून बघायचं ते त्याला कळतं आणि तुमचा तासभर वाचतो.

प्रत्येक मजल्याच्या दाराला वरच्या बाजूला लॉक असतं, त्यात विजेचा छोटा कॉन्टॅक्ट. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकामागोमाग एकाच लाइनवर जोडलेले असतात. एक जरी सुटला तरी लिफ्ट हलत नाही. दार उघडं असताना ती हलूच नये, यासाठीच ही सोय. आता सातव्या मजल्यावर बादली ओतून खराट्याने पाणी लोटलं, की ते उंबऱ्यावरून शाफ्टमध्ये उतरतं आणि सहाव्या मजल्याच्या लॉकवर पडतं. तिथून पाचव्या, चौथ्या.

दिवाळीच्या साफसफाईत वर्तकनगरच्या एका इमारतीत आमचा मेकॅनिक केबिनच्या टपावर चढला, तेव्हा लॉकवर साबणाचा फेस तसाच होता. चार मजल्यांची लॉकं उघडून, पुसून, ब्लोअरने वाळवण्यात दुपार गेली. तोवर सहाव्या मजल्यावरच्या आजी खाली पार्किंगमध्ये खुर्चीवर बसून होत्या.

"तात्पुरती जोडून द्या, बाकीचं उद्या बघा," असा आग्रह होतो. ते आम्ही करत नाही. कॉन्टॅक्टमध्ये पाणी राहिलं तर दार उघडं असूनही लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोल पॅनलला ते बंद वाटू शकतं, आणि उघड्या दारानिशी लिफ्ट निघू शकते. तासभर जास्त लागला तरी चालेल, पण लॉक वाळल्याशिवाय आम्ही लिफ्ट सोडणार नाही. पाण्याने खराब झालेले पार्ट आमच्या एएमसीत (वर्षभराच्या देखभालीच्या करारात) येत नाहीत, हेही आधीच सांगतो. नंतर बिलावरून वाद नको.

लिफ्टसमोरची जागा धुऊ नका, पिळलेल्या फडक्याने पुसा. जिना धुवायचाच असेल तर दारापुढे गोणपाटाची जाड गुंडाळी लावा आणि पाणी जिन्याच्या बाजूला ओढा. उंबऱ्याच्या खाचेत रांगोळी, हारातली फुलं, रिनोव्हेशनची वाळू अडकते आणि दार पूर्ण मिटत नाही. ती कोरड्या ब्रशने काढा, पाण्याने आत ढकलू नका.

सफाईची माणसं बदलत राहतात, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून करार असलेल्या सोसायटीत आम्ही येऊन त्यांना आणि वॉचमनला अर्धा तास सगळं हाताने करून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. नवीन माणूस लागला की कळवा.

पाणी गेलंच, तर आत कोणी नाही याची खात्री करून लिफ्टचा मेन स्विच बंद करा, प्रत्येक मजल्यावर "लिफ्ट बंद" पाटी लावा आणि केबिनमधल्या स्टिकरवरच्या नंबरवर फोन करा. "पाणी गेलंय" हे आधी सांगा, म्हणजे मेकॅनिक ब्लोअर घेऊनच निघेल.