साहाय्यित आत्महत्या : मनोवेदना आणि कायदेशीर मान्यतेचा नैतिक प्रश्न

जीवन संपवू इच्छिणाऱ्या व्यक्तीला तिच्याच विनंतीवरून दुसऱ्याने, बहुधा डॉक्टरने, त्यासाठी साहाय्य करणे याला साहाय्यित आत्महत्या म्हणतात. यात अखेरची कृती ती व्यक्ती स्वतः करते. तीच कृती डॉक्टरने केल्यास तिला इच्छामरण म्हटले जाते. मरणासन्न रुग्णाच्या बाबतीत येऊ घातलेला मृत्यू थोडा अलीकडे आणला जातो. मनोविकाराने पीडित व्यक्तीपुढे मात्र अनेक वर्षांचे आयुष्य असू शकते आणि मरणाची इच्छा हे तिच्या विकाराचेच एक लक्षण असू शकते. म्हणून या प्रश्नाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

नेदरलँड्समधील शाबो खटल्यात हा प्रश्न प्रथम ठळकपणे न्यायालयापुढे आला. दोन्ही मुलगे गमावलेल्या, संसार मोडलेल्या पन्नास वर्षांच्या एका स्त्रीला बाउडवाइन शाबो या मनोविकारतज्ज्ञांनी 1991 मध्ये मरणासाठी साहाय्य केले होते. तिला कोणताही शारीरिक आजार नव्हता आणि देऊ केलेले उपचार तिने नाकारले होते. वेदनेचे मूळ शरीरात आहे की मनात, यावरून तिची तीव्रता ठरत नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये मान्य केले. तरीही शाबो दोषी ठरले, कारण त्यांनी ज्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला त्यांच्यापैकी कोणीही त्या स्त्रीला प्रत्यक्ष तपासले नव्हते. शिक्षा मात्र देण्यात आली नाही. वेदनेची दखल आणि तपासणीचा आग्रह या दोन्ही बाजू त्या एकाच निकालात आढळतात.

कायदेशीर मान्यतेच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद समानतेचा आहे. वर्षानुवर्षे औषधे, मानसोपचार आणि रुग्णालयातील वास्तव्य सोसूनही ज्याचे दुःख हटत नाही, त्याला ‘तुझे दुःख शरीराचे नाही’ एवढ्याच कारणावरून दार बंद करणे हा अन्याय होय, असे या बाजूचे म्हणणे आहे. मनोविकार झाला म्हणजे निर्णयक्षमता गेलीच, असे मानणे रुग्णाचा अवमान करणारे आहे, हेही खरे आहे. नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती मृत्युपत्र करते, शस्त्रक्रियेला संमती देते किंवा नाकारते, आणि तिचे ते निर्णय ग्राह्य धरले जातात.

खरी अडचण असाध्यतेच्या निदानाची आहे. शरीरात पसरलेल्या कर्करोगाची पुढची वाटचाल बऱ्याच अंशी सांगता येते. मनोविकाराच्या बाबतीत, विशेषतः तरुण रुग्णाविषयी, तेवढ्या खात्रीने काहीच सांगता येत नाही. अनेक वर्षे उपचारांना दाद न देणारा रुग्णही पुढे सावरू शकतो. आशा संपल्याची भावना हे नैराश्याचेच एक लक्षण असल्यामुळे ‘मी बरा होणार नाही’ हे रुग्णाचे वाक्य पुरावा म्हणून घ्यावे की लक्षण म्हणून, हा पेच सुटत नाही. येथे चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

बेल्जियममध्ये 2007 ते 2011 या काळात मानसिक कारणासाठी इच्छामरण मागणाऱ्या 100 रुग्णांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 77 स्त्रिया होत्या. 48 विनंत्या मान्य झाल्या आणि 35 जणांचे जीवन त्या मार्गाने संपले. मान्यता मिळूनही 8 जणांनी ती वापरली नाही, कारण मार्ग मोकळा आहे या जाणिवेनेच त्यांना जगण्यापुरती मनःशांती मिळाली. मान्यतेचे समर्थक या आकड्याकडे आवर्जून बोट दाखवतात. पण त्या 8 जणांनी हेही दाखवून दिले की मान्य झालेली, म्हणजे पूर्ण विचारांती केलेली ठरलेली इच्छासुद्धा बदलू शकते. विनंती गांभीर्याने ऐकून घेण्यातच उपचाराचा मोठा भाग असतो, आणि तो कोणत्याही कायद्याविना करता येतो.

देशोदेशींचे कायदे एकसारखे नाहीत. बेल्जियमच्या 2002 च्या कायद्याप्रमाणे, मृत्यू नजीक नसलेल्या रुग्णासाठी आणखी दोन डॉक्टरांचा सल्ला आणि किमान एक महिन्याचा अवधी आवश्यक असतो. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थी हेतूने केलेले साहाय्य तेवढे दंडनीय आहे. तेथील संघीय न्यायालयाने 2006 मध्ये गंभीर व दीर्घकालीन मनोविकाराच्या रुग्णालाही हा मार्ग तत्त्वतः खुला मानला, मात्र सखोल मानसोपचारविषयक तपासणीची अट घातली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असलेल्या रुग्णांपुरताच कायदा आहे. कॅनडाने मनोविकार हे एकमेव कारण असलेल्यांचा समावेश पुनःपुन्हा लांबणीवर टाकून 17 मार्च 2027 पर्यंत नेला आहे. या लांबणीमागे आरोग्यव्यवस्थेच्या तयारीची चिंता आहे, आणि ती रास्त आहे. ज्याला मानसोपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, ज्याला राहायला घर नाही आणि बोलायला माणूस नाही, त्याने मरण मागितले तर ती विकाराची वेदना की समाजाने केलेली उपेक्षा, हे तपासणाऱ्या डॉक्टरला वेगळे काढता येत नाही.

देखरेखीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. नेदरलँड्समध्ये मनोविकाराच्या कारणाने झालेल्या इच्छामरणाच्या नोंदी 2010 मध्ये 2 होत्या, त्या 2024 मध्ये 219 झाल्या. एकूण 9,958 नोंदींच्या तुलनेत हे प्रमाण लहान असले तरी वाढ मोठी आहे. दीर्घकाळ नैराश्य असलेल्या एका बेल्जियन स्त्रीच्या 2012 मधील मृत्यूविषयी तिच्या मुलाने दाद मागितली, तेव्हा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2022 मध्ये कायद्याची चौकट ग्राह्य ठरवली. परंतु मृत्यूनंतरच्या तपासणीत स्वातंत्र्य नव्हते, असा ठपका ठेवला. ज्या डॉक्टरने इच्छामरण दिले, तोच त्या प्रकरणाची छाननी करणाऱ्या आयोगाच्या सहअध्यक्षपदी होता.