परराष्ट्र धोरणावर इस्लामचा शिक्का

एखादं सरकार युद्ध करतं, तह करतं, कुणाशी दोस्ती जोडतं किंवा तोडतं आणि मग तो निर्णय लोकांच्या गळी उतरवायला कुराण, हदीस (पैगंबरांच्या वचनांचा संग्रह), फतवा (धर्मपंडितांचा निवाडा), हज, खिलाफत (खलिफाची गादी), उम्मत (जगभरचा मुस्लिम समाज) यातलं काहीतरी पुढे करतं, त्या प्रकाराबद्दल ही नोंद आहे. इस्लाम स्वतः काय सांगतो हा इथला विषय नाही, ते आलिम लोकांचं, म्हणजे धर्मपंडितांचं काम. इथे विषय सरकारांचा. आणि हा धंदा फक्त मुस्लिम देशांनीच केला असंही नाही, मुसोलिनीने १९३७ मधे लिबियात त्रिपोलीला जाऊन 'इस्लामची तलवार' हातात घेऊन मिरवून घेतलेलं आहे, त्यामुळे कुणी फार हसायचं कारण नाही.

कोकणात हे समजून घ्यायचं तर सुरुवात दाभोळपासून करावी. वाशिष्ठी खाडीच्या तोंडाशी आदिलशाहीच्या काळातली मोठी घुमटाची मशीद आहे, गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. विजापूरच्या राजघराण्यातली कुणी बाई हजला निघाली, इथवर आली, पुढचा समुद्र धोक्याचा म्हणून जाणं रद्द झालं आणि हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीत घातला अशी कथा सांगतात. कथा खरी खोटी कशीही असो, त्यामागचा धोका खरा होता. दाभोळ हे दख्खनचं हजचं बंदर, आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा पहारा. डिसेंबर १५०८ मधे त्यांनी दाभोळ जाळलं. पुढे जहाज न्यायचं तर त्यांचा परवाना लागायचा, त्याला कार्ताझ म्हणत, आणि त्यावर मेरी आणि येशूचं चित्र असायचं. अकबराच्या दरबारातल्या एका बड्या मौलवीने तर फतवाच दिला की समुद्रमार्गे गेलं तर हा चित्रवाला परवाना घ्यावा लागतो, जमिनीवरून गेलं तर शिया इराणातून जावं लागतं, म्हणून आता हज फर्ज, म्हणजे धार्मिक कर्तव्य, राहिला नाही! अकबर मात्र त्याच सुमाराला सरकारी खर्चाने हजचे काफिले पाठवत होता, कारण मक्केत बादशहाचं नाव निघणं ही तुर्कांच्या सुलतानासमोर दाखवायची गोष्ट होती.

१५७०-७१ मधे विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला आणि अहमदनगरच्या निजामशहाने चौलला वेढा दिला. त्या काळात मलबारचे जैनुद्दीन मखदूम यांनी पोर्तुगीजांविरुद्ध जिहाद करा असं सांगणारा तुहफतुल मुजाहिदीन हा ग्रंथ लिहिला आणि तो अली आदिलशहाला अर्पण केला. आता गंमत बघा, या लढाईतला तिसरा भिडू होता कालिकतचा सामुद्री, म्हणजे हिंदू राजा, आणि मखदूमसाहेब त्याचं कौतुकच करतात, कारण मुसलमान व्यापाऱ्यांना त्याचाच आसरा होता. गोवा पडलं नाही, चौल पडलं नाही, १५७१ संपेपर्यंत दोन्ही सुलतानांनी पोर्तुगीजांशी तह करून टाकले आणि जहाजं परत परवाना घेऊन चालू झाली. पुढच्या शतकात जंजिऱ्याचा सिद्दी औरंगजेबाचा आरमारी सरदार झाला, सुरतेच्या महसुलातून पगार घेऊ लागला, आणि त्याच सिद्दीशी महाराजांच्या आरमारातून लढत होता दौलतखान. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर कोण कुणाच्या बाजूने हे नुसत्या नावावरून कधीच कळलेलं नाही.

या सगळ्यातून एक सोपी खूण मिळते, आणि माझ्या मते या विषयात तीच सगळ्यात कामाची आहे. सरकार धर्माच्या नावाने कुणावर चिडलंय ते नंतर बघावं, आधी यादीतून कुणाचं नाव गाळलंय ते बघावं. नोव्हेंबर १९१४ मधे इस्तंबूलला, जिथला तुर्की सुलतान तेव्हा खलिफाही होता, शेख-उल-इस्लामचा, म्हणजे तिथल्या सर्वात बड्या मौलवीचा, जिहादचा फतवा वाचला गेला. इंग्रज, फ्रेंच, रशियन यांच्याशी लढणं फर्ज, आणि जर्मन, ऑस्ट्रियन? ते पण ख्रिश्चनच, पण ते दोस्त, सबब यादीत नाहीत. दोन वर्षांत मक्केचा कारभार तुर्कांच्या वतीने बघणाऱ्या शरीफ हुसेनने इंग्रजांच्या पैशावर आणि बंदुकांवर त्याच खलिफाविरुद्ध बंड केलं, तेही धर्माच्याच भाषेत, की इस्तंबूलचे नवे तुर्क राज्यकर्ते दीन सोडून बसलेत. दमास्कस ते मदिना ही हिजाज रेल्वे १९०८ मधे पुरी झाली होती, तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. ती रेल्वे या बंडात सुरुंग लावून ठिकठिकाणी उडवली गेली. मग मार्च १९२४ मधे खिलाफत खुद्द तुर्कांनीच रद्द केली, आणि इथे तिच्यासाठी आंदोलन करणारी माणसं तोंडात बोट घालून बसली.

खलिफाची खुर्ची रिकामी झाल्यावर तिच्यावर बसायला नाही तरी शेजारी बसायला बरेच जण पुढे आले. इजिप्तचा नासर अरब राष्ट्रवाद घेऊन उभा होता, त्याला तोंड द्यायला सौदीने १९६२ मधे मक्केत राबिता, म्हणजे मुस्लिम वर्ल्ड लीग काढली. नासर पण काही कमी नव्हता, त्याने १९६१ च्या कायद्याने अल-अझहर हे हजार वर्षांचं विद्यापीठ सरकारी मुठीत घेतलं. याचा परिणाम पुढे दिसला. १९५६ मधे अल-अझहरच्या फतवा समितीने इस्रायलशी सुलह नाजायज सांगितली होती, आणि १९७९ मधे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी इस्रायलशी तह केल्यावर त्याच अल-अझहरने पैगंबरांनी मक्केतल्या विरोधकांशी केलेल्या हुदैबियाच्या तहाचा दाखला देऊन तो जायज ठरवला. ग्रंथ तेच, फक्त मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांचा विचार बदलला होता.

कोकणातल्या लोकांना हे पेपरातून नाही, घरातून कळलं ते १९९० मधे. २ ऑगस्टला इराकच्या सद्दामने कुवेत घेतलं. बाणकोट, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली, या पट्ट्यात घरटी एखादा माणूस तरी आखातात असायचा, नाहीतर शेजाऱ्यांचा तरी. आमच्या शेजारच्या चाचांचा एक मुलगा कुवेतला आणि जावई सौदीत दम्मामला. एकीकडे सद्दाम, ज्याचा बाथ पक्ष जन्मापासून सेक्युलर, तो जिहादची हाक देत होता आणि जानेवारी १९९१ मधे त्याने इराकच्या झेंड्यावर 'अल्लाहु अकबर' लिहून घेतलं. दुसरीकडे सौदीत शेख बिन बाझ आणि बाकी बडे उलेमा सांगत होते की मुलखाच्या रक्षणासाठी अमेरिकन फौज बोलावणं शरियतमधे बसतं. चाचांच्या पडवीत रेडिओ लागायचा, मंडळी जमायची, दोन्हीकडचे दाखले निघायचे, वाद व्हायचा, आणि आतून चाची तांदूळ निवडतानिवडता ओरडायच्या, "ता सगला ऱ्हांदे, पोराची खबर हाय का काय?" पोरगा बसने बगदाद, तिथून जॉर्डनमधे अम्मान आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्या वेळी असे पावणेदोन लाखाच्या आसपास भारतीय परत आणले गेले. तो सांगायचा की खिशातल्या कुवेती दिनारला वाटेत कुणी विचारत नव्हतं.

मात्र हा शिक्का मारणाऱ्यालाही महागात पडतो, हे विसरून चालत नाही. एकदा तुम्ही म्हणालात की आमचं धोरण दीनप्रमाणे आहे, की मग दुसरा कुणीही उठून त्याच मापाने तुम्हाला मोजतो. सौदी राजाने १९८६ मधे 'दोन पवित्र मशिदींचा सेवक' हा किताब अधिकृतपणे घेतला, तेव्हा समोर खोमेनींचा इराण हाच दावा पोखरत होता. पुढच्याच वर्षी हजमधे इराणी निदर्शक आणि सौदी पोलीस यांच्यात मक्केत चकमक होऊन चारशेवर माणसं गेली आणि त्यानंतर इराणने तीन वर्षं हाजीच पाठवले नाहीत. अमेरिकन फौजेचा तो फतवा तर सौदीतल्याच तरुण मौलवींना पटला नाही आणि ओसामा बिन लादेनने पुढे राजघराण्याविरुद्ध तोच मुद्दा हत्यार म्हणून वापरला.

इराणला गाळलेल्या नावाची खूण लावून बघा. पॅलेस्टाइनसाठी रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी कुद्स दिन, जगातल्या दबलेल्यांना आधार देण्याची भाषा थेट संविधानात, पण शिया बहुसंख्य अझरबैजान आणि ख्रिश्चन आर्मेनिया यांचं भांडण लागलं तेव्हा तेहरानचं सूत आर्मेनियाशीच जास्त जुळलं, कारण इराणच्या स्वतःच्या हद्दीत अझेरी लोक मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांना बाकूची, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीची, ओढ लागू नये ही भीती. खुद्द खोमेनींनी जानेवारी १९८८ मधे सांगून टाकलं होतं की इस्लामी राज्य टिकवणं हे नमाज, रोजा, हज यांच्याही वर आहे. इतकं स्पष्ट बाकी कुणी बोललं नाही, बाकीच्यांनी गुपचूप केलं. चीनमधल्या उइगुरांचं घ्या. २०१९ मधे इस्लामी देशांच्या संघटनेने, जिला सगळे ओआयसी म्हणतात, मुस्लिम नागरिकांची काळजी घेतल्याबद्दल चीनचं कौतुक करणारा ठराव केला, आणि त्याच वर्षी चीनची बाजू घेणाऱ्या पत्रावर सौदी आणि पाकिस्तान दोघांच्या सह्या होत्या.

अलीकडे जिहादपेक्षा 'मवाळ इस्लाम' जास्त खपतो. जॉर्डनने २००४ मधे अम्मान संदेश काढला, मोरोक्को आफ्रिकेतल्या इमामांना बोलावून ट्रेनिंग देतं, अमिरातीने २०२० मधे इस्रायलशी करार केला त्याला पैगंबर इब्राहीमचं नाव. तुर्कस्तानने त्याच वर्षी इस्तंबूलच्या हागिया सोफिया या संग्रहालय झालेल्या जुन्या मशिदीत पुन्हा नमाज सुरू केली, ते तेवढं मवाळ नव्हतं, पण त्यांच्या ऑटोमन काळातल्या सिरियली आपल्याकडे पण मोबाईलवर डोळे फुटेस्तोवर बघितल्या गेल्या.

भारत या खेळाच्या बाहेर आहे असं समजू नये. सप्टेंबर १९६९ मधे रबातला, अल-अक्सा मशिदीला आग लावली गेल्यावर, पहिली इस्लामी शिखर परिषद भरली, भारताला आमंत्रण होतं, फखरुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन पोचले सुद्धा, आणि पाकिस्तानचे याह्याखान अडून बसले म्हणून त्यांना बाहेर राहावं लागलं. जवळपास पन्नास वर्षांनी, मार्च २०१९ मधे, ओआयसीच्या अबुधाबीच्या बैठकीत सुषमा स्वराज खास पाहुण्या म्हणून गेल्या आणि भाषणात ऋग्वेदाबरोबर कुराणातली वचनंही त्यांनी सांगितली. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री रागाने आलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बैठकीने काश्मीरवर भारताला झोंबणारा ठराव पास केला.