ई-बुक विकायला ठेवलं म्हणजे हक्क गेले का?

"ऑनलाइन दुकानात स्वतः ई-बुक टाकलं की पुस्तकाचे हक्क कायमचे कंपनीचे होतात," हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. नौपाड्यातल्या आमच्या एका निवृत्त शिक्षिका मावशींनी त्यामुळे बालकवितांची वही कपाटातच ठेवली होती. भीती रास्त आहे. लिहिलेलं हातचं जाईल म्हटल्यावर कोणीही थांबेल.

पण कायदा वेगळं सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मूळ लेखनाचा हक्क ते लिहिलं तेव्हाच लेखकाचा होतो. नोंदणीही सक्तीची नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचा दस्त लागतो. दुकानाला आपण साधारणपणे देतो ती फक्त विकण्याची परवानगी. पुस्तक पुढे विक्रीतून काढता येतं. ज्यांनी आधी घेतलंय, त्यांच्याकडे मात्र ते राहतं.

मग ही समजूत आली कुठून? बहुधा एका छोट्या चौकोनातून. काही दुकानांची ऐच्छिक योजना असते: ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही. तिथे टिक केली की बंधन येतं, आणि नूतनीकरण आपोआप होत राहिलं तर ते कायमचंच वाटतं.

तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून मावशींसोबत मोबाइलवर अटी उघडल्या. 'एक्सक्लुझिव्ह' (म्हणजे फक्त इथेच, दुसरीकडे नाही) हा शब्द शोधला, तो त्या योजनेपाशीच सापडला. तुम्हीही अटींत हाच शब्द आणि 'असाइन' (म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करणं) शोधा, मुदत बघा. मावशींनी तो चौकोन रिकामा ठेवला. छापील पुस्तकासाठी आता त्या चित्रकार शोधतायत.