गॅरेजमधली सापाची पेटी

अमेरिकेत कॉर्न स्नेक पाळणारी घरं पुष्कळ. शेंदरी ठिपक्यांचा हा बिनविषारी साप नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. (भारतात धामण किंवा अजगर घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा हे सगळं तिकडचं.) साप गेला की त्याची काचेची पेटी गॅरेजात जाते. पुढे कधीतरी नवं पिल्लू आणायचं ठरतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पेटी आहे की!"

पेटी चालेल. पण आधी आठवा, पहिला साप कशानं गेला?

म्हातारपणानं गेला असेल तर काम सोपं आहे. तो गिळलेला उंदीर वारंवार ओकत होता आणि पोटाच्या मधोमध फुगवटा दिसत होता, तर मात्र क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिसची शंका घ्यायला हवी. हा एकपेशीय परजीवी जठराच्या अस्तरात राहतो. अस्तर जाड होत जातं आणि अन्न आत ठरत नाही. विष्ठेतून त्याच्या कवचबंद पेशी बाहेर पडतात, आणि त्यांच्यापुढे नेहमीचं ब्लीच हात टेकतं. माणसाला जुलाब लावणारे याचे भाऊबंद पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनलाही असेच पुरून उरतात. कवच हरतं ते कडक उष्णतेपुढे आणि पूर्ण कोरडेपणापुढे. असं काही घडलं असेल तर मी त्या पेटीतलं काहीच ठेवणार नाही. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

सापाच्या माइट्सची गोष्ट वेगळी. खसखशीच्या दाण्याएवढ्या या काळ्या रक्तपिपासू जिवांची अंडी सापाच्या अंगावर नसतात, ती पेटीच्या सांध्याकोपऱ्यांत आणि लाकडाच्या भेगांत असतात. रक्ताविना त्या काही आठवडे तग धरतात, वर्षभर नाही. म्हणजे इथे गॅरेजमधली धूळ खात पडलेली वर्षं आपल्याच कामी येतात. साल्मोनेला हा जिवाणू मात्र कोरड्या विष्ठेतही महिनोन्महिने टिकतो, म्हणून ही धुणीभांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नकोत.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी गरम पाणी, साबण आणि घासणं. वाळलेली विष्ठा, कातेचे कपटे तसेच राहिले तर ब्लीच त्यांच्याशीच झुंजून संपतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. मग एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. काच आणि पाण्याचं भांडं दहा मिनिटं ओलं ठेवायचं, भरपूर खंगाळायचं, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायचं. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतात. आणि आपला हात सवयीनं फिनाइलकडे जातो, तो आवरा. फिनॉलवर्गी रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतात.

काच गुळगुळीत, म्हणून ती खरोखर स्वच्छ होते. लाकडाची फांदी, बुचाची साल, जुना भुसा पाणी पितात आणि त्याबरोबर बाकीचंही. फांदी ओव्हनमध्ये भाजा म्हणणारे भेटतात. मला आमचा ओव्हन भाकरीसाठी बरा वाटतो. नवी फांदी आणा.

जुनी हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राला, जोडून रिकाम्या पेटीत दिवसभर चालवून बघा. उबदार टोकाला तीसेक अंश सेल्सिअस पुरे. तापलेल्या जागेवरून साप वेळेत उठेलच असं नाही, तो भाजून घेतो.

शेवटी झाकण. पहिला साप मनगटाएवढा नसला तरी अंगठ्याहून जाड असणार. नवं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं, आणि पहिल्याच्या जाडीच्या सापाला जी फट कधी दिसलीच नाही, ती याच्यासाठी दरवाजा आहे.