ब्रेक पॅड दमले की ब्रेक ऑइल उकळलं?

कन्नडचा घाट उतरताना ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. एका तऱ्हेत पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी आपली चालतच राहते. दुसऱ्या तऱ्हेत पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली जातं, कुठं टेकतच नाही. दोन्ही वेळा आपल्या तोंडून एकच वाक्य निघतं, "ब्रेक लागंना." पहिल्या दुखण्याचं औषध ब्रेक पॅड, दुसऱ्याचं ब्रेक ऑइल. मला दुसरं दुखणं होतं, औषध मी पहिलं घेतलं, आणि त्याचे अठरा हजार रुपये मोजले.

गाडी टर्बो पेट्रोल सेडान, सेकंडहँड घेतलेली. कोणती ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मे महिना, भर दुपार, गाडीत चौघं आणि डिक्कीत लग्नाचं सामान. चाळीसगावला निघालो होतो. घाटात पुढं एक पिकअप रांगत होती, ओलांडायला जागा नाही, म्हणून मी चौथ्या गिअरमध्येच ब्रेकवर पाय ठेवून तिच्या मागं मागं उतरत राहिलो. एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा चार बोटं खाली गेलं. दोनदा भराभर पंप केलं तेव्हा कुठं ब्रेक धरले. खाली पोचल्यावर जळका वास, चाकाजवळ हात नेववेना. टपरीवर चहा झाला, अर्धा तास गेला आणि पेडल पुन्हा पहिल्यासारखं! मग काय, निदान मीच करून टाकलं: पॅड हलके आहेत, भारीतले टाकू.

फसायला होतं ते इथंच. दोन्ही दुखणी घाटातच उपटतात, दोन्हीत वास येतो आणि गाडी थंड झाली की दोन्ही शहाण्यासारखी गप्प बसतात. फरक कळतो तो फक्त पायाला, आणि तोही त्या दोन-तीन सेकंदांत.

आधी उष्णता किती असते ते बघू. माणसं-सामानासकट दीड टन भरणारी गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली तर ब्रेकला साधारण 580 किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी घाटात उंचीनं 100 मीटर खाली उतरली, तर वेग जराही न वाढता सुमारे 1,470 किलोज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे तशा अडीच थांब्यांइतकी. त्यातली काही हवा खाते आणि गिअर खाली असेल तर बरीचशी इंजिन खातं. चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्या माझ्यासारख्याच्या गाडीत मात्र बहुतेक सगळी चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला आवळणारे पॅड यांच्यातच जाते.

आता पॅड. लोखंडी पाठीवर चिकटवलेला हा मसाला असतो: धातूचे किंवा सिरॅमिकचे तंतू, घर्षणाची पूड, ग्रॅफाइटसारखी वंगणं आणि हे सगळं बांधून ठेवणारं रेझिन. पॅड त्याच्या आवाक्याबाहेर तापला की रेझिन जळायला लागतं, त्यातून वायू सुटतो, पॅडची पकड गळते. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, पॅडला पूर्ण ताकदीनं दाबतोय, तेलाचा दाब जागच्या जागी आहे, म्हणून पेडल घट्ट. फक्त घर्षण गेलेलं. इथं पंप करून काही मिळत नाही. पॅड काढून पाहिला तर कधी कधी त्याचा चेहरा काचेसारखा चकाकताना दिसतो.

ऑइलचं तसं नाही. पेडल ते कॅलिपर हा सगळा मामला एका गोष्टीवर उभा आहे: द्रव दाबला तरी आकसत नाही. डिस्कची उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला आणि पिस्टनमागच्या ऑइलला पोचते. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ मात्र मजेत आकसते. तुम्ही दाबताय ते बुडबुडे. पंप केल्यावर थोडं आणखी ऑइल पुढं ढकललं जातं, म्हणून क्षणभर पेडल वर येतं. माझ्या घाटातली खूण हीच होती, आणि ती मला वाचता आली नाही.

नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं. आपल्याकडं पाऊस पडो न पडो, ते हवेतली ओल ओढतच राहतं, रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत, डब्यावर छापलेली असते. डॉट 4 च्या मानकात नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकालाही 155 अंश पुरतात. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 चे 260 आणि 180. डॉट 5 हे वेगळंच सिलिकॉनचं प्रकरण आहे. नाव 5.1 सारखंच दिसतं म्हणून ते डॉट 4 च्या गाडीत ओतायचं नाही.

नवे पॅड बसले, महिन्याभरात त्याच घाटात पुन्हा तेच झालं, आणि या वेळी लवकर झालं. हे कोडं सोडवलं एका जुन्या उस्तादानं. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी त्यानं एकच विचारलं, "साहब, तेल कब बदले थे?" मला आठवेना. सर्व्हिसिंगच्या बिलांवर दर वेळी 'ब्रेक ऑइल टॉप अप' होतं, बदललं असं एकदाही नव्हतं. त्यानं कॅलिपरच्या ब्लीडिंग निपलला, म्हणजे जुनं ऑइल बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं आणि पोऱ्याला पेडल दाबायला बसवलं. नळीतून आधी काढ्यासारखं काळपट तपकिरी आलं, मध्येच दोन बारीक बुडबुडे, आणि बऱ्याच वेळानं मधासारखं फिकट. चारही चाकांना मिळून जेमतेम एक लिटर लागलं. खर्च हजाराच्या आसपास, मजुरीसकट.

पण लवकर का झालं? पॅड चांगले होते म्हणूनच. जुने पॅड तापले की दमायचे, मी आपोआप हळू व्हायचो. नवे दमेनात, मी वळणाजवळ जाऊन उशिरा ब्रेक दाबायला लागलो, उष्णता वाढली. शिवाय त्यांच्यात धातू जास्त. धातू उष्णता पटकन पुढं पोचवतो, थेट पिस्टनकडं. म्हणजे भारी पॅडनं जुन्या ऑइलचं मरण आणखी जवळ आणलं होतं. म्हणून कुणी मला पॅड कोणते घेऊ म्हणून विचारलं की मी आता उस्तादाचाच प्रश्न विचारतो. दोन वर्षं उलटून गेली असतील तर आधी ऑइल, मग पॅडचं बघू.

समजा ऑइल ताजं आहे, पेडल घट्ट राहतं आणि तरी गाडी थांबत नाही. मग खरोखर पॅडची वेळ. इथं पहिला गैरसमज थांबण्याच्या अंतराचा. समृद्धीवर ताशी 120 वरून एकदा करकचून ब्रेक मारलात आणि एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं, तर याचा अर्थ कंपनीच्या पॅडनीही टायरची पकड संपवली. त्या एका थांब्यात भारी पॅड फार काही देणार नाहीत, चांगले टायर देतील. पॅडचा फायदा पाचव्या, सहाव्या, दहाव्या ब्रेकला दिसतो.

दुसरा गैरसमज 'रेसिंग' या शब्दाचा. ट्रॅकचे पॅड गरम झाल्यावर खुलतात. सकाळी गाडी काढून सिडकोच्या पहिल्या सिग्नलला पोचता तेव्हा ते थंडच असतात, आणि थंड ट्रॅक पॅड कंपनीच्या पॅडपेक्षा वाईट धरतात, किंचाळतात, डिस्कही खातात. रस्त्यावरच्या गाडीला लागतो तो रस्त्यासाठीच बनवलेला वरचा पॅड: थंड असतानाही पहिल्या दाबाला धरणारा आणि घाटात टिकणारा. पहिल्या दाबाला जोरात चावतो म्हणून पॅड ताकदवान, असंही समजू नका. चावा वेगळा, तापल्यावरची पकड वेगळी.

ही तुलना करायची एक खूण पुष्कळ पॅडच्या कडेवर छापलेली असते, दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं कमी तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ 0.35 ते 0.45, जी 0.45 ते 0.55. एफ-ई असेल तर तापल्यावर पकड उतरते, एफ-एफ असेल तर त्याच पट्ट्यात राहते. युरोपच्या आर 90 नियमाचा शिक्का असेल तर घर्षण मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत आहे असं धरता येतं. चपळ गाडीलाही मला तेवढंच पुरेसं वाटतं. फक्त पुढच्या चाकांना अतिजहाल पॅड घालून मागं जुनेच ठेवले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ बिघडतो. पुढं-मागं एकाच जातीचे घ्या. सिरॅमिक पॅड म्हणजे महागड्या गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क नव्हेत, हेही दुकानात जाण्याआधी लक्षात असू द्या. सिरॅमिक पॅडचा गुण म्हणजे कमी आवाज आणि कमी काजळी.

पॅड बसवल्यावर पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. नव्या पॅडचं रेझिन पहिल्यांदा तापताना वायू सोडतं, म्हणजे नवेकोरे असतानाच ते दमतात. पहाटे मोकळा रस्ता बघून ताशी 60-70 वरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा दमदार पण चाकं लॉक न करता वेग उतरवायचा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, आणि मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला न शिवता गाडी चालवायची. डिस्कवर पॅडचा एकसारखा करडा थर बसतो, पुढची पकड त्यावरच. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात तर तो थर एका जागी जाड होतो, पुढं स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकली.

माझे अठरा हजारांचे पॅड अजून गाडीतच आहेत. परवा कन्नडला तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पेडल सगळीकडं एकाच उंचीवर. फक्त पुढचे अलॉय आठवड्यात काळे होतात आणि रविवारी बादली घेऊन बसावं लागतं.